दुःखाचा दोष कुणाचा?

सर्वशक्तिमान आणि दयाळू ईश्वराने जग घडवले असेल, तर निरपराध माणसाच्या वाट्याला यातना का येतात? दुसऱ्या शतकातल्या ज्ञानवादी, म्हणजे नॉस्टिक पंथांनी या प्रश्नाला धाडसी उत्तर दिले. हे जग परमतत्त्वाने निर्माण केलेलेच नाही, असे ते म्हणत. सोफिया या दिव्य शक्तीच्या हातून घडलेल्या प्रमादातून याल्दाबाओथ नावाचा अज्ञानी निर्माता जन्मला, त्याने हे जग रचले आणि स्वतःलाच एकमेव देव मानले. माणसात मात्र वरच्या प्रकाशाचा अंश अडकून पडला आहे. ज्ञान झाले की तो सुटतो. चर्चने या मतांना पाखंड ठरवले. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात कॉप्टिक पोथ्या सापडल्या आणि या पंथांचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांतून वाचता येऊ लागले.

विदर्भाला असा विचार अगदीच परका नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार अनादी पदार्थ सांगितले. महानुभाव मतानुसार कर्मांची फळे देवता देतात, मोक्ष मात्र एकटा परमेश्वर देतो. फळ देणारे वेगळे आणि सोडवणारा वेगळा.

ज्ञानवाद्यांचे मोठेपण हे, की त्यांनी जगातल्या दुष्टतेचे खापर भोगणाऱ्याच्या माथी फोडले नाही. आपल्याकडे गतजन्मीच्या पापाचे नाव घेऊन शतकानुशतके नेमके तेच झाले. अस्पृश्याला पाणी नाकारायचे आणि वर ते त्याच्याच कर्माचे फळ म्हणायचे, ही क्रूरता विचाराने पोसलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विचाराच्या मुळावरच घाव घातला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यांतली पहिलीच. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात सृष्टिकर्ता ईश्वर आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त, दोन्ही नाकारले आहेत. धर्म जगाची उत्पत्ती सांगतो, धम्माला जगाची पुनर्रचना करायची आहे, अशी त्यांची मांडणी आहे.

ज्ञानवादी आणि आंबेडकर इथे वेगळे होतात. सगळे जगच सदोष निर्मात्याची कृती मानले, तर त्यातून सुटण्याचीच ओढ उरते. ते दुरुस्त करावे असे वाटण्याला आधार राहत नाही. निर्माताच नाही असे मानले, की माणसाने उभा केलेला अन्याय माणसानेच मोडायचा असतो. भूकंप आणि रोग यांचे कोडे त्याने सुटत नाही, हे खरे. पण जातीची उतरंड, भूक आणि अपमान यांचे कर्ते आपल्यातच आहेत. दुःखाचे मूळ आकाशात शोधण्याआधी प्रत्येकाने आपले घर, आपली वस्ती आणि आपला व्यवहार तपासावा. दीक्षाभूमीचे आपल्याकडे तेवढे मागणे आहे.