पाच तासांवरचा मुलगा

घुग्घुसला मे महिन्यात गारवा असतो तो पहाटेच. 2018 साली, रमजान लागायच्या आधी, अशाच एका पहाटे फजरनंतर आमचे बडे अब्बा वारले. उभी हयात कोळसा खाणीत गेलेला माणूस. धाकटा मुलगा जेद्दाला नोकरीस. त्याला फोन लावला तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते.

अंगणात जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले, "थांबू या. जेद्दा काय, पाच तासांवर आहे."

बोलणे खोटे नव्हते. मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे 3500 किलोमीटर. विमानाला पाच तास, फार तर थोडे अधिक. पण हे तास विमानाचे. मालकाच्या संमतीशिवाय तेव्हा बाहेर पडण्याचा परवाना निघत नसे. (2021 मध्ये नियम बदलले, बहुतेक कामगार सुटले, घरकामगार मात्र तसेच राहिले.) परवाना निघाला तरी तिकीट, तीन तास आधी विमानतळ, मुंबईत दुसऱ्या विमानाची वाट, नागपूरपर्यंत दीड तास, आणि पुढे दीडशे किलोमीटर कोळशाच्या ट्रकांमागून. हिशेब दोन दिवसांच्या खाली येईना.

दफनाला उशीर करू नये, ही आमची शिकवण. उन्हाळाही तसाच. पण शीतपेटी मिळत होती, म्हणजे थांबणे शक्य होते. आणि शक्य आहे म्हटल्यावर न थांबणे हा आमचा निर्णय ठरतो, नाइलाज उरत नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांपुढे हा पेच नव्हता. 1995 पर्यंत हाजींची जहाजे मुंबईहून जेद्दाला जात. वाटेत आठवडाभर जाई. निघणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कहासुना माफ करून घेई, देणी फेडी. मागे घरात मौत झाली तर त्याच्यासाठी जनाजा कुणी थांबवत नसे आणि तो आला नाही म्हणून त्याला बोलही लावत नसे. समुद्र एवढा मोठा होता की त्यातच त्याची माफी होती. आज तो मुलगा आला नाही तर लोक विचारतात, का नाही आला?

आमच्या हनफी फिकहमध्ये मुसाफिर ठरवताना वेळ बघत नाहीत. सुमारे 77 किलोमीटर जायचे असेल तर गावाची शीव ओलांडताच माणूस मुसाफिर. मग तो बैलगाडीने जावो की विमानाने. म्हणजे नागपूरला निघालेलाही मुसाफिरच. पूर्वी आम्हाला हा नियम जुन्या काळचा वाटे. त्या दिवशी वाटले, यात परक्या मुलखातल्या माणसाची कदर आहे. तो किती लवकर येऊ शकतो हे न विचारता तो दूर आहे एवढे हा नियम मान्य करतो.

आम्ही थांबलो नाही. जोहरनंतर दफन केले. गायबाना नमाज आमच्याकडे नाही, त्यामुळे तिकडे त्याला तोही आधार नव्हता. चूक केली का? शिकवणीप्रमाणे नाही. पण ज्याला विचारायचे त्यालाच आम्ही धड विचारले नव्हते. निरोप तेवढा दिला होता.

चौथ्या दिवशी तो आला. घरी न जाता थेट कब्रस्तानात गेला. बराच वेळ दुआ मागून झाल्यावर आम्हाला एवढेच विचारले, माती किती वाजता दिली? आम्ही सांगितले, दोन. त्याने बोटांवर अडीच तास मागे मोजले. "तेव्हा मी मालकाच्या ऑफिसबाहेर बसलो होतो," म्हणाला.