मुकादमाची ओळख

नशिराबादच्या दोन तरुणांनी एकाच वर्षी केळीचा व्यापार सुरू केला. घरं शेजारी, भांडवल दोघांचंही बेताचं. बागेतला माल घ्यायचा, टोळी लावून कापायचा आणि ट्रक भरून दिल्लीला पाठवायचा, असं काम होतं.

पहिला सारखा जळगावला जाई. लग्न असो की मेळावा, मोठ्या माणसांना गाठी, त्यांची कार्डं जमवी. "धंदा ओळखीवर चालतो," असं तो म्हणे. बागेत मात्र क्वचित उतरे.

दुसरा बागेत थांबे. टोळीचा मुकादम घड कसा उतरवतो, ते पाहत बसे. एकदा त्याने मुकादमाला विचारलं, "नाना, घड ठेवायच्या आधी पाला का अंथरता?"

नाना म्हणाले, "भाऊ, हिरव्या केळीला मार बसला तर इथं दिसत नाही. तिकडं माल पिकला की काळा डाग वर येतो."

हिवाळ्यात दिल्लीचा व्यापारी बाग पाहायला आला. दुसऱ्या तरुणाने नानांना हाक मारली, आपल्या शेजारी खाटेवर बसवलं आणि म्हणाला, "शेठजी, तुमच्याकडे माल बिनडागी पोचतो तो यांच्यामुळे." मग ट्रक भरणाऱ्यांची आणि ड्रायव्हरचीही त्याने तशीच ओळख करून दिली. शेठने उठून हात जोडले. नाना काही बोलले नाहीत.

मे महिन्यात वादळ झालं. एका संध्याकाळी बागाच्या बागा आडव्या झाल्या. पडलेला माल लगेच उचलला नाही, तर उन्हात वाया जाणार होता. सगळ्यांनाच टोळ्या हव्या होत्या, ट्रक हवे होते. पहिल्याने रात्रभर फोन केले. मोठी माणसं "बघतो" म्हणाली.

दुसऱ्याच्या दारात पहाटेच नाना टोळी घेऊन उभे राहिले. मागोमाग ट्रकही आला. दुपारपर्यंत माल भरून झाला.

पहिला तिथे आला. म्हणाला, "नाना, मी जास्त मजुरी द्यायला तयार होतो. हा तुम्हाला असं काय देतो?"

"मजुरी तेवढीच देतो," नाना म्हणाले. "पण वीस वर्षं मी घड उतरवतोय. हे काम मला चांगलं येतं, असं चारचौघांत या पोरानंच पहिल्यांदा सांगितलं." मग त्यांनी कोयता उचलला. "चला, आता तुमची बाग दाखवा."

त्या बागेत पहिल्याने स्वतः पाला हाती घेतला आणि विचारलं, "नाना, कसा अंथरू?"

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. असा लौकिक मिळतो, त्यामागे शेतकऱ्याबरोबर कापणाऱ्यांचे आणि वाहणाऱ्यांचेही हात असतात. कुठल्याही धंद्यात तसंच असतं. हिरव्या केळीला बसलेल्या मारासारखंच माणसाच्या उपेक्षेचंही आहे. ती त्या क्षणी दिसत नाही, पुढे वर येते. म्हणून ओळखी वाढवताना समोरच्याचा आपल्याला काय उपयोग, हे नंतर पाहावं. आधी त्याला काय चांगलं येतं ते नीट पाहावं आणि चारचौघांत त्याचं नाव घेऊन सांगावं.