लहान काम

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला झोप लागते ती मागांच्या खडखडाटात, आणि जाग येते ती तो थांबल्यावर. दिवाळीच्या सुमारास कामगार आपापल्या गावी जातात, आमच्या गल्लीतले काही कारखाने बंद होतात, आणि त्या अनोळखी शांततेत वर्षभर ऐकू न आलेल्या गोष्टी ऐकू येऊ लागतात. घड्याळाची टिकटिक, शेजारघरी सोऱ्या फिरवणाऱ्या हातातल्या बांगड्या, आणि आपल्याच मनातला एखादा जुना प्रश्न. यंदा मला ऐकू आला तो एका आईने विचारलेला प्रश्न.

मी एका लहानशा शाळेत बाई आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, त्यामुळे वरचे वर्ग माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. मी कादंबऱ्या लिहिते ही गोष्ट शाळेला आठवते ती फक्त स्नेहसंमेलनाच्या दिवसांत. कारण तेव्हा नाटिका लिहून बसवायला कोणीतरी हवे असते. गेल्या वर्षीच्या नाटिकेत राजकन्येपासून झाडापर्यंत चौदा कामे होती. त्यांतले आजीचे काम मी तिसरीतल्या एका मुलीला दिले. आजीला वाक्ये होती दोन.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. कांड्या भरण्याच्या कामावरून तशीच आली होती. केसांत कापसाची तूस अडकलेली. “बाई, पोरीला दोनच वाक्यं?” तिने विचारले. मीही तत्परतेने उत्तर दिले, “अहो, काम कधी लहान नसतं. करणारा लहान-मोठा असतो.”

हे वाक्य नाटकवाल्यांच्या तोंडी फिरून फिरून जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत झाले आहे. त्या माउलीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “मग राजकन्येचं काम माझ्या पोरीला द्या, नि हे त्या मुलीला. काम लहान नाही म्हणता, तर तिला तरी काय फरक पडेल?”

मला उत्तर सुचले नाही. तालमी सुरू झाल्या आहेत, आता बदल करता येणार नाही, असे काहीतरी पुटपुटून मी वर्गात निघून गेले.

तेव्हापासून त्या गुळगुळीत वाक्याला मी एखादा भरवशाचा साक्षीदार शोधते आहे. लहान कामे मोठेपणाने करणारे कोणी खरोखर होऊन गेले का? असा विचार करू लागले, की मला पहिल्यांदा आठवतात सुलभा देशपांडे.

माझ्या पिढीने त्यांना पाहिले ते आई नाहीतर आजी म्हणूनच. ‘मिसेस तेंडुलकर’सारख्या हिंदी मालिकेत त्या दिसल्या, २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये श्रीदेवीची सासू झाल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९७७ साली, ‘भूमिका’ चित्रपटात त्या स्मिता पाटीलची आई होत्या. गोष्ट नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असे. या बाई त्या गोष्टीतल्या एका खोलीत राहत. पण पडद्यावर त्या आल्या, की वाटे, या बाईंचा स्वयंपाक चुलीवर अर्धा राहिला आहे आणि कॅमेरा हलला की त्या तो पुरा करायला जाणार आहेत. लहान कामात माणसाचे सबंध आयुष्य दाखवायचे, आणि तरीही समोरच्याचा प्रसंग हिरावून घ्यायचा नाही, ही गोष्ट फार अवघड आहे. घरात अशी एखादी वडीलधारी बाई असली, की सगळ्यांनाच आपण मोठे आहोत असे वाटू लागते.

म्हणजे मला साक्षीदार मिळाला म्हणायचा! पण साक्ष पुरती ऐकली, तेव्हा ती माझ्या बाजूची नव्हती.

कारण याच सुलभाताईंनी १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या तेंडुलकरांच्या नाटकात लीला बेणारेचे काम केले होते. दिग्दर्शन त्यांचे पती अरविंद देशपांडे यांचे होते. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट काढला, त्यातही बेणारे त्याच होत्या. मी तो चित्रपट पाहिला आहे. बेणारेही शाळेतल्या बाईच. हौशी नाटकमंडळी गंमत म्हणून अभिरूप न्यायालय भरवतात आणि बघता बघता तिच्या खऱ्या आयुष्याचीच चिरफाड करतात. शेवटी तिला बोलायला मोजके सेकंद दिले जातात. ती बोलते तेव्हा भोवतालची सारी माणसे जागच्या जागी थिजलेली असतात. तिचे म्हणणे आपल्याला ऐकू येते, त्यांना नाही. एवढे प्रचंड काम ज्या बाईने पेलले, तिने पुढे आजीची कामे केली, तेव्हा ती लहान कशी राहतील?

आई-आजीची कामे त्यांनी आवडीने निवडली असे मी म्हणणार नाही. वय झालेल्या नटीला चित्रपटांत आणि मालिकांत जे मिळते, तेच त्यांनाही मिळाले. धंद्याचा तो रिवाजच आहे. पण त्यांच्यापाशी दुसरीही एक जागा होती, आणि ती त्यांनी स्वतः उभारली होती. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या बरोबरीने त्यांनी ‘आविष्कार’ ही संस्था सुरू केली. पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग होऊ लागले. त्या शाळेत सुलभाताई शिक्षिका होत्या. मुलांसाठी त्यांनी ‘चंद्रशाला’ चालवली. ‘दुर्गा झाली गौरी’सारखे नाटक घेऊन किती मुले रंगमंचावर उभी राहिली! १९८७ साली अरविंद देशपांडे गेले, तरी ‘आविष्कार’ चालू राहिले. ४ जून २०१६ रोजी सुलभाताईही गेल्या. वर्तमानपत्रांतून त्यांच्या भूमिकांची यादी छापून आली, तेव्हा मला वाटले, या यादीत ती जागाही घालायला हवी.

आता मला त्या आईचा प्रश्न थोडा समजू लागला आहे. दुय्यम काम करण्यात कमीपणा नाही, हे खरेच. गोष्टीला आजी लागते, झाडही लागते. पण जगात कुठेतरी एक अशी जागा असावी, जिथे आपल्याला कोणतेही काम मिळू शकेल, हे माणसाला ठाऊक असले पाहिजे. ती जागा असली तर आजीचे काम आनंदाने करता येते. नसली तर ते काम राहत नाही, तो शिक्का होतो. आणि त्या शिक्क्यालाच आपण समाधान, नम्रता अशी गोड नावे देतो. समाधानाचा उपदेश नेहमी मोठ्या कामवाल्याने लहान कामवाल्याला केलेला असतो. उलट झालेले मी तरी पाहिले नाही.

एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. त्या मुलीला मी राजकन्या का केली नाही? तिचे पाठांतर चांगले होते, आवाज खणखणीत होता. पण तिचे घर उत्तर प्रदेशातले, आणि तिच्या तोंडी ‘बाळ’चा ‘बाल’ होत होता. पहिल्या रांगेतले पाहुणे हसतील, अशी मला धास्ती होती. ज्या गावाचे माग तिच्या बापासारख्यांच्या हातांवर चालतात, त्या गावात मी एका ‘ळ’साठी तिला आजी करून टाकली. बेणारेबाईला त्या न्यायालयाने मोजके सेकंद दिले. मी दोन वाक्ये दिली. माग तिला लहान काम देईल, उद्या सासरही देईल. निदान शाळेने तरी घाई करायला नको होती.

स्नेहसंमेलनात ती आजी झाली. दोन्ही वाक्ये तिने चोख म्हटली. दुसऱ्या वाक्यात एक ‘ळ’ होता. तो तिने इतका स्पष्ट उच्चारला की मी विंगेत उभी राहून खाली पाहू लागले. ती तो घरी घोकत बसली असली पाहिजे.

सुट्टी संपली की यंदाच्या तालमी सुरू होतील. नाटिका लिहून झाली आहे. या वेळी प्रत्येक मुलाने सगळी कामे एकदा तरी वाचायची, आणि मगच वाटणी, असे मी ठरवले आहे. वाटणी झाल्यावर कोणी तरी आजी होणारच, आणि एखादी आई पुन्हा दारात उभी राहणारच. ते गुळगुळीत वाक्य मात्र तिला मी ऐकवणार नाही.

आमच्या घरात फराळाचे सगळे काम नेहमी एकट्या सासूबाईंकडे असते, आणि दिवाळीच्या फोटोत त्या कधीच नसतात. हे लिहिताना आत तेलाचा वास सुटला आहे. लेखणी खाली ठेवते. झारा आज मी घेईन म्हणते.