आधी जेवण



याईरच्या मुलीला उठवल्यावर प्रभू येशूने उपदेश केला नाही. तिला खायला देण्यास सांगितले (मार्क 5:43). दारू सोडून घरी आलेल्याला मात्र आपण आधी उपदेशच वाढतो, तोही पोटभर!

दारूमुळे आतड्यांत बी-1 जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. ते फारच कमी पडले की चाल लटपटते, स्मरणशक्तीही जाते. म्हणून उपचारात डॉक्टर ते सुरुवातीलाच देतात. (दारू अचानक सोडणेही धोक्याचे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.) घरी डाळी, शेंगदाणे, कमी पॉलिशचा तांदूळ हवा, आणि वेळेवर ताट, भुकेची कासाविशी कित्येकदा दारूची तलफ वाटते.

आपल्या वसईत लग्नमांडवात ग्लासाचा आग्रह होतो. तसा आग्रह त्याला दोन घास जास्त वाढताना आपण करू का?