वरून ओतलेलं पाणी

परसात कडुलिंबाखाली तीन विटांवर मातीचं एक परळ असतं. दोन बोटं खोल, आत एक खडा, चिमणीला पाय टेकायला. सकाळी काथ्यानं घासायचं, शिळं पाणी जास्वंदीला ओतायचं, ताजं भरायचं. एक दिवस टाळला तर बुळबुळीत होतं, आणि घाण पाण्यानं पाखरं आजारी पडतात. मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून जवळचं अबोलीचं झाड मी पलीकडे हलवलं. फांदीला ज्वारीच्या कणसांची जुडी टांगते. शेव, बिस्किटं, मिठाचा भात नाही. बुलबुलांना कढीपत्त्याची काळी फळं पुरतात, शिंजीर जास्वंदीला लोंबकळतो, त्यांचं मला काही करावं लागत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा 43च्या वर गेला की होले चोची उघड्या टाकून परळाशी येतात. शेजारीण कुंपणावरून म्हणते, "बाई, पुण्य जोडायलात."

या पुण्याशी माझं जमत नाही. कारण जुनं आहे.

मी शाळेत मराठी शिकवत असे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेनं 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून रुजवला, तेव्हापासून आम्हीही त्या दिवशी मुलांना परळं वाटू लागलो. एका वर्षी फळ्यावर दिनविशेष लिहिताना माझ्याच हातानं दोन ओळी खाली-वर आल्या. वर चिमणी दिवस. खाली 20 मार्च 1927, महाड, चवदार तळ्याचा सत्याग्रह. आठवीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, त्या तळ्यावर चिमण्या पानी पीत असतील की?"

"पीत असतील."

"मंग त्यायला कुनी हाकललं नसंल."

एवढं बोलून ती खाली बसली. परळं वाटायची राहिली होती. ती मी वाटली. काय बोलले, आठवत नाही.

माझं माहेर गंगाखेड तालुक्यातलं. साठच्या दशकात आमच्या विहिरीवर मोट चाले. थारोळ्यात पाणी आदळलं की साळुंक्या, चिमण्या, होले काठावर ओळीनं उतरत. आणि दहा पावलांवर घागरी घेऊन दोघी-तिघी बाया उभ्या असत. "पानी वाढा माय," म्हणत. त्यांना थारोळ्याला शिवायची मुभा नव्हती. मी आठ वर्षांची, हौसेनं पाणी वाढायला जाई. घागरीला बादली लागू द्यायची नाही, वरून ओतायचं, हे आजीनं शिकवलेलं. हात लहान, धार चुके; निम्मं पाणी त्यांच्या लुगड्यावर जाई. त्या काही बोलत नसत. काठावरची साळुंकी मात्र चोच बुडवून, पंख झाडून, खुशाल निघून जाई.

आजी वाईट नव्हती, अडचण नेमकी तिथंच आहे. कावळ्याचा घास काढल्याशिवाय ती जेवत नसे, मुंग्यांना साखर घाली. काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगाजल एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट सांगताना तिचे डोळे भरून येत. पैठणच्या तापल्या वाळूतून नाथांनी महाराचं लेकरू कडेवर उचललं, ही दुसरी गोष्ट मला शाळेतल्या पुस्तकात भेटली. घरात ती कुणी सांगितली नव्हती. गाढवाला कडेवर घ्यावं लागत नाही, म्हणून असेल.

निवृत्त झाल्यावर धर्मशास्त्र थोडं उलटून पाहिलं. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. प्राणिमात्रांना रोज अन्नाचा भाग काढून ठेवणं हे तिथं दान नाही, नित्यकर्म आहे, थकलेलं देणं फेडावं तसं. कल्पना मला फार आवडली. मग मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातली यादी वाचली. अन्न हळूच भुईवर ठेवायचं ते कुणाकुणासाठी? कुत्रे, पतित, श्वपच, महारोगी, कावळे, किडे. कावळ्याची आठवण ठेवणाऱ्या त्याच श्लोकानं माणसाला कुत्र्याच्या पंगतीत बसवलं होतं. हा ग्रंथ 25 डिसेंबर 1927 ला महाडलाच जाळला गेला, ते त्या दिवशी मला नव्यानं उमगलं.

माणसांची आणि पाखरांची बरोबरी मला करायची नाही. ती करून आपण पुष्कळ पाप केलं आहे. पण बाबासाहेबांनी तळ्यावर पाणी वाढून घेतलं नाही. पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं प्याले. दया करणाऱ्याला उंचावर उभं राहायला जागा लागते, आणि परळ भरताना मी त्या उंचीवर असते. पाखराला ते कळत नाही, म्हणून मला सोपं जातं. बाकी काय.

माझ्या थोरल्या भावाला हे सगळं फुकटचं वाटतं. कणसं तोच पाठवतो. लहानपणी आम्ही दोघं माळ्यावर बसून ज्वारी राखत असू. हिवाळ्यात भोरड्यांचे थवेच्या थवे पूर्व युरोपातून, मध्य आशियातून येतात. गुलाबी अंग, काळं डोकं. वावरावर उतरल्या की तासाभरात ताटं रिकामी. चीनच्या शिनजियांगमध्ये याच भोरड्या टोळ खातात म्हणून त्यांना घरट्यांसाठी दगडांच्या राशी रचून देतात. हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "तिकडं पाव्हन्या, हिकडं चोर. पाखरू एकच की." आम्ही गोफण फिरवत असू, डबा बडवत असू. पण आजोबांनी बांधाकडच्या दोन तासांकडे धोंडा टाकू दिला नाही. तो त्यांचा वाटा, एवढंच ते म्हणत. पुण्य हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

भोरडी मागत नाही, घेते. आपण हाकलतो, ती पुन्हा येते. या भांडणात दोघंही एकाच जमिनीवर उभे असतात. आता दादाचं बहुतेक वावर सोयाबीनखाली आहे, ज्वारी कडब्यापुरती. राखण संपली. "हाकलाया बी पाखरू येईना," म्हणतो. ही तक्रार आहे की आठवण, त्याच्या आवाजावरून कळत नाही.

यंदा 20 मार्चच्या सकाळी परळ घासत होते. जाताजाता राहिलेला भोरड्यांचा एक थवा कडुलिंबावर उतरला आणि चिमण्यांसाठी महिनाभर पुरावी म्हणून टांगलेल्या जुडीवर तुटून पडला. माझ्या घशातून, साठ वर्षांनी, "हाऽऽ हाऽऽ" असा आवाज निघाला. हातात ओला काथ्या होता, तोच भिरकावला. त्या उडाल्या, घिरटी घेतली, परत बसल्या. शेजारीण कुंपणावरून बघत होती.