चिलमीमागचं कारण

पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातल्या गांजाविषयी प्रश्न निघाला आणि १८९३ साली ब्रिटिश सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. या कमिशनने प्रांतोप्रांती हिंडून हजारावर साक्षी नोंदवल्या. गांजाने वेड लागतं ही तेव्हाची मोठी भीती, म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतली दफ्तरंही तपासली. अनेक रुग्णांच्या नावापुढे वेडाचं कारण 'गांजा' असं लिहिलेलं होतं खरं. पण ते पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून, चौकशी न करताच उतरवलेलं निघालं. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेक घातक, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरं, असा निष्कर्ष १८९४च्या अहवालात आला.

मला मात्र त्या निष्कर्षापेक्षा साक्षींमध्ये आलेली कारणं मोलाची वाटतात. पालखी वाहणारे भोई शीण घालवायला चिलीम ओढत. थंड पाण्यात राबणारे मच्छीमार, हिवतापाच्या भागातले मजूर, ध्यानाला बसणारे बैरागी, पोटाच्या तक्रारीवर भांगेची मात्रा देणारे वैद्य, प्रत्येकाचं कारण निराळं. यातला भोईच घ्या. दिवसभर खांदा देऊन आल्यावर चार सोबत्यांत बसून त्याने झुरका मारला, दुखणं बोथट झालं, गप्पा रंगल्या, झोप लागली. त्याने औषध घेतलं की मौज केली? हा प्रश्न त्याला पडलाच नसता. तो पडतो कायदा करणाऱ्याला.

कायद्याने हे दोन कप्पे केले आणि माणसं त्यांत बसण्यासाठी आपली कारणं बदलून सांगू लागली. कॅलिफोर्नियात १९९६ साली मतदारांनी गांजाच्या वैद्यकीय वापराला मान्यता दिली. त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या रुग्णांची तळमळ होती. त्यांची अन्नावरची वासना उडाली होती, शरीरं झिजत होती. पुढे त्याच दारातून निव्वळ मौजेसाठी घेणारेही डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आत आले. कॅनडात उलट घडलं. २०१८ साली सर्व प्रौढांना परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच वैद्यकीय नोंदणी घटली. नोंदणी सोडणाऱ्या सगळ्यांचं दुखणं बरं झालं असेल असं नाही. दुकानातून आणून झोपेसाठी किंवा गुडघेदुखीसाठी घेणारा माणूस सरकारदरबारी हौशी ठरतो, एवढंच.

औषधी गुण खोटे नाहीत. आयरिश डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९च्या सुमारास कलकत्त्यात धनुर्वाताच्या पेटक्यांवर आणि एका तान्ह्या मुलीच्या आकडीवर गांजाचा अर्क वापरून पाहिला. अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांवर याच वनस्पतीतल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०१८ साल उजाडलं. केमोथेरपीतल्या मळमळीवर टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची गोळी तिथे १९८५ सालीच मंजूर झाली होती. त्याच वर्षी आपल्याकडे अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा आला. त्याने गांजा आणि चरस गुन्ह्यात धरले, भांगेची पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली. तरी महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्यामुळे परवान्याशिवाय भांगही बाळगता येत नाही.

धोकेही तितकेच खरे आहेत. विशीच्या आत रोज जोरकस गांजा ओढणाऱ्या मुलांमध्ये मनोविकाराचा धोका वाढतो, सवय जडते, अभ्यास सुटतो. म्हणूनच तर कारण विचारायला हवं. मित्रांबरोबर कधीतरी ओढणारा आणि रोज रात्री एकट्याने ओढल्याशिवाय ज्याला झोप येत नाही तो, यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या निद्रानाशामागे नैराश्य असू शकतं, आणि ते गांजाने झाकलं जातं, बरं होत नाही.

आज आपल्या दवाखान्यांत हे सहसा विचारलं जात नाही. विचारलं तरी रुग्ण पोलिसांच्या धास्तीने नाही म्हणतो, आणि डॉक्टर त्याच्या आधीच्या औषधांशी गांजा कसा वागेल याचा अंदाज न घेताच नवी गोळी लिहून देतात. दारू-तंबाखूची सवय केसपेपरवर बिनदिक्कत लिहिली जाते. गांजाचीही लिहिली जावी, 'कशासाठी घेता?' हा प्रश्न तिच्यापुढे असावा, आणि ते उत्तर डॉक्टरच्या टेबलापलीकडे जाणार नाही अशी हमी कायद्याने द्यावी.