दवाखान्यात न आलेली बाई

आरोग्याचा एखादा प्रश्न मनात घ्या. नमुना केवढा, प्रश्नावली कशी, आकडेमोड कोणती, हे तूर्त बाजूला राहू द्या. नुसता प्रश्न धरून बसा. खेड्यातल्या किती बायकांना स्त्रीरोग असतात?

उत्तरासाठी मन आपसूक दवाखान्याकडे धावतं. तिथे ओपीडीचं रजिस्टर असतं, नोंदी मोजल्या की काम झालं. जाऊ द्या त्याला तिकडे, पण दारातच थांबवा. आत रांगेत बसलेल्या बायका पाहा. मग जी आलेलीच नाही, तिला डोळ्यांसमोर आणा. रोज बुडेल म्हणून ती आली नाही. तपासणारा पुरुष असेल म्हणून आली नाही. अंगावरून जाणं बाईच्या जातीला चालायचंच, असं आईनंच सांगितलं म्हणून आली नाही. रजिस्टरात तिची ओळ नाही. तिच्यापाशी जरा वेळ थांबा.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दवाखान्याऐवजी दोन गावं निवडली. तक्रार असो वा नसो, तिथल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. रजिस्टरावर भिस्त ठेवली असती तर फार तर त्या आठ टक्क्यांतल्याच काही जणी दिसल्या असत्या.

आणखी एक आकडा सावकाश वाचा. सुमारे 45 टक्के स्त्रियांची कसली तक्रारच नव्हती. म्हणजे घरोघर जाऊन नुसतं विचारूनही भागलं नसतं. तपासायलाच हवं होतं. आणि तपासायचं, तर आधी तिचा विश्वास हवा. माझ्या मते अभ्यासाची आखणी इथूनच सुरू होते, पण कागदावरच्या आराखड्यात या विश्वासाला क्वचितच जागा मिळते.

आता प्रश्न बदला. घरीच काळजी घेतली तर नवजात बाळं वाचतील का? इथे एकदा पाहून येणं पुरत नाही, तुलना लागते. बंग यांच्याच ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांत ही काळजी पोहोचवली, आणखी 47 गावं तुलनेसाठी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. 1999 साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

घटलेल्या दराशी मन लगेच रमतं. त्याला त्या 47 गावांकडे वळवा. तिथे नेहमीची सरकारी सेवा होती, नवी काळजी नव्हती. तरी तिथलं प्रत्येक बाळ मोजावं लागलं, गेलेलंही. त्या नोंदींवाचून 39 गावांतलं यश सिद्ध झालं नसतं. तुम्ही उद्या असा अभ्यास आखाल, तेव्हा तुलनेच्या गावातल्या आईला काय सांगाल, आणि उपाय लागू पडला तर तो तिच्या दारी केव्हा नेणार, हे नमुन्याचा आकार ठरवण्याआधी लिहून काढा.